चाकणचा कांदा आणि तार्तरांची चटणी

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. नद्या आहेत, पण पवनेच्या पाण्याची आज जी कळा झाली आहे ती पाहता तिच्यातला मासा कोणी हौसेने घरी आणील असे वाटत नाही. इंद्रायणीच्या माशांना तर देहूच्या घाटावर भाविक माणसे कणकेच्या गोळ्या घालतात. त्यांच्याकडे कढईच्या नजरेने पाहणे इकडच्या संस्कारात बसत नाही. तरीसुद्धा रविवारी सकाळी पिंपरीच्या बाजारात जाऊन पाहा. रात्री मुंबईहून आणि कोकणातून निघालेल्या गाड्या घाट चढून आलेल्या असतात, बर्फाच्या पेट्या फुटलेल्या असतात आणि त्या पेट्यांभोवती निम्मा हिंदुस्थान पिशव्या घेऊन उभा असतो. पापलेट, सुरमई, बोंबील, बांगडा, कोळंबी. विचारणाऱ्यांच्या भाषा तितक्याच, किंबहुना थोड्या जास्तच.

या गावाचा इतिहास कारखान्यांच्या तारखांनी सांगण्याची पद्धत आहे. मला तो ताटांनी सांगावासा वाटतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या छावणीत आले. त्यांनी आपले गाव, आपली शेती, आपली दुकाने मागे टाकली, पण सिंधू नदीतल्या ‘पल्लो’ची आठवण टाकली नाही. त्यांच्या झुलेलालचे चित्र आपण पाहिले असेल. देव नदीत माशावर बसलेला असतो. ज्यांचा देवच माशावर बसून आला, त्यांना मासळीबाजार नसलेले गाव कसे चालावे? पुढे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन इथे तयार होऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. टेल्को आली, आकुर्डीला स्कूटरी बनू लागल्या. या कारखान्यांच्या भोंग्यांनी कोकणातून, केरळातून, बंगालमधून माणसे ओढून आणली. १९७० साली चार गावांची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. एवढ्या अवधीत एकाच चाळीत एक घर माशाला आमसूल लावू लागले, दुसरे कुडमपुळी लावू लागले आणि तिसरे मोहरी वाटू लागले. तिघांनाही दुसऱ्याच्या कालवणात काहीतरी चुकले आहे याविषयी कधीच शंका वाटली नाही.

चाकणची गोष्ट निराळी. चाकण हे मुळात कांदाबटाट्याचे गाव. आजही खेड बाजार समितीच्या तिथल्या महात्मा फुले बाजारात कांद्याच्या गोण्यांचे डोंगर लागतात, आणि त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी उभी आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी हा भुईकोट शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. त्यानंतर तीन शतके चाकणने जगाला विशेष त्रास दिला नाही. मग १९९९ साली बजाजचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, त्यांच्या मागून सुटे भाग करणारे आले, जपानी आले, कोरियन आले. ज्या रस्त्याने कांद्याच्या बैलगाड्या जात त्या रस्त्यावर आता मोटारींनी भरलेले दुमजली ट्रक उभे असतात. हो, ‘उभे’च म्हणतो; ते चालताना दिसणे हा योग आहे.

बाहेरच्या देशांतून आलेले हे अभियंते दोन-दोन महिने, सहा-सहा महिने इथे राहतात. त्यांच्यासाठी चाकण-तळेगाव रस्त्याच्या आजूबाजूला अतिथिगृहे निघाली आहेत. माणूस यंत्र बसवायला कितीही दूर जाईल. पण संध्याकाळी सातनंतर तो पोटाने आपल्या गावी परततो. याची जाणीव मोटार कारखान्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे. जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात फोक्सवॅगन १९७३ पासून स्वतःचे सॉसेज बनवते, आणि मोटारीच्या सुट्या भागांप्रमाणे त्या सॉसेजलाही सुट्या भागाचा अधिकृत क्रमांक आहे. कार्ब्युरेटर, क्लचप्लेट आणि सॉसेज एकाच वहीत! मला तरी ही गोष्ट फार सुसंस्कृतपणाची वाटते.

आता आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे वळतो, कारण हा लेख त्यांच्यामुळे सुचला.

वहिनी देवगडकडच्या. त्यांचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. गेल्या पावसाळ्यात कंत्राट संपले, ते पुन्हा झाले नाही. कारखान्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तसे कारखाने पुष्कळ आहेत आणि तशी कंत्राटेही पुष्कळ आहेत. मुलगी आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घरात सासूबाई. वहिनींनी रडारड केली नाही. चार डबे करायला लागल्या, चाराचे चौदा झाले. मग चाकणच्या एका अतिथिगृहाच्या व्यवस्थापकाला कोणी तरी त्यांचे नाव सांगितले. त्याच्याकडे दर शुक्रवारी रात्री बारा पाहुणे जेवायला असत, बहुतेक जर्मन, दोन जपानी. शुक्रवारी मासे खाण्याची रीत ख्रिस्ती देशांतून जुनी आहे. देवळात न जाणारी माणसेही ती पाळतात, जशी आपल्याकडे नास्तिकांना संकष्टीचे मोदक चालतात. व्यवस्थापक म्हणाला, तळलेले मासे द्या, उकडलेले बटाटे द्या. आणि त्याबरोबर टार्टर सॉस हवा. बाटलीतला नको, मागच्या वेळी पाहुण्यांनी तो तसाच ठेवला.

वहिनी वर आल्या. “सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. हा टार्टर सॉस म्हणजे काय ते सांगा. मासे मी तळीन, त्यात मला कोणी शिकवायला नको. पण ही पांढरी चटणी कशाची असते?”

मराठीच्या प्राध्यापकाला पाककृती विचारली की तो आधी व्युत्पत्ती पाहतो. ‘सॉस’ हा शब्द लॅटिनमधल्या खारवलेल्या पदार्थावरून आला. सॅलड, सॉसेज ही त्याचीच भावंडे, सगळी मिठाच्या पोटची. ‘टार्टर’ म्हणजे तार्तर, मध्य आशियातले घोडेस्वार. त्यांचा या सॉसशी काडीचाही संबंध नाही. फ्रेंच आचाऱ्यांना काही झणझणीत, काही रानटी सुचवायचे असले की ते तार्तरांचे नाव घेत, एवढेच. दातांवरचे कीटण काढणारा डॉक्टर ज्याला टार्टर म्हणतो तोही शब्द वेगळा. चाकणचा तार्तरांशी संबंध जोडायचाच झाला तर शाइस्तेखानाच्या फौजेतून जोडावा लागेल, आणि खान स्वतः तर इराणी घराण्यातला. म्हणजे तेही जमत नाही.

जपानी मंडळींची गंमत याहून मोठी आहे. त्यांच्याकडे मियाझाकी प्रांतात तळलेल्या कोंबडीवर हाच सॉस घालून ‘चिकन नानबान’ करतात. नानबान म्हणजे ‘दक्षिणेकडचे रानटी लोक’. सोळाव्या शतकात तिकडे गेलेल्या पोर्तुगीजांना जपान्यांनी दिलेले हे नाव. एका रानटी लोकांच्या नावाचा पदार्थ, त्यावर दुसऱ्या रानटी लोकांच्या नावाचा सॉस, आणि खाणारे मात्र अत्यंत सभ्य! आपण पोर्तुगीजांना फिरंगी म्हणत होतो, आणि चाकणच्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी होते, हे मी वहिनींना सांगू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “ते राहू दे सर, त्यात घालतात काय?”

तर त्यात घालतात ते असे. मूळ बैठक मेयॉनेजची, म्हणजे अंड्याच्या बलकात थेंबथेंब तेल घोटून केलेली दाट साय. त्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कोवळ्या काकड्यांचे तुकडे, केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या, बारीक कांदा, हिरवा पाला आणि आंबटपणा. ही यादी मी वाचून दाखवली आणि माझ्या लक्षात आले की ही आपल्या ताटाची डावी बाजू आहे. चटणी, कोशिंबीर, लोणचे हे सगळे डावीकडचे कुटुंब एका वाटीत घालून ढवळले आहे. आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे, ‘तोंडीलावणे’. इंग्रजांनी आपली चटणी उचलली, तोंडीलावणे उचलायला हवे होते.

अडचण निघाली ती अंड्याची. मेयॉनेजमध्ये अंडे कच्चे असते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि आपल्या हवेत ते सुखाने वाढतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तेलंगणाने आणि २०२५ च्या एप्रिलात तामिळनाडूने कच्च्या अंड्याच्या मेयॉनेजवर एकेक वर्षाची बंदी घातली ती याच कारणाने. वहिनींनी ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. “एकाला जरी बाधलं सर, तरी माझा डबा बंद. आणि नुसता तिथला नाही. सगळीकडचा.” हे अक्षरशः खरे होते. बारा पाहुण्यांच्या पोटावर चार माणसांचे पोट उभे होते.

आमच्या सौ.ने चक्का सुचवला. घट्ट चक्क्यात कांदा-काकडी घातली की झाले. श्रीखंड करणाऱ्या महाराष्ट्राला दाट साय मिळायला अंडे कशाला? सूचना चांगली होती. पण वहिनींच्या सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “माशाक दूध-दही खंय लावतत? तुमका कोणी सांगल्यान ह्या?” दूध आणि मासा एकत्र खाऊ नये हे चरकसंहितेत सांगितले आहे, आणि कोकणातल्या आज्यांना ते चरकाआधीपासून ठाऊक असावे अशा थाटात त्या सांगतात. बंगाल्यांचा दोई-माछ हा युक्तिवाद मी करून पाहिला. “ते बंगाली. त्यांचा त्यांका पचता.” यावर काय बोलणार? चक्का बारगळला.

सुटका केली ती एका फ्रेंच आचाऱ्याने. एस्कॉफिए हा फ्रेंच पाकशास्त्राचा पाणिनी. १९०३ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला, आणि त्यातल्या तार्तर सॉसमध्ये बलक कच्चे नाहीत; उकडलेल्या अंड्यांचे आहेत. ते कुटून मऊ करायचे, त्यात तेल आणि व्हिनेगर घोटायचे आणि शेवटी कांद्याची पात. म्हणजे जुनी, खानदानी पद्धत आणि निर्धोक पद्धत एकच निघाली. असे योग आयुष्यात थोडे येतात.

तेल आणि आंबट पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे आपण जाणतो. बलकात लेसिथिन नावाचे द्रव्य असते. त्याचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात वेगवेगळे तरंगत राहतात आणि त्या दाटीतून साय तयार होते. तेल एकदम ओतले तर थेंब एकमेकांना सापडतात, जमतात आणि सॉस फाटतो. पिंपरी-चिंचवडचेही काहीसे असेच आहे, पण ते जाऊ दे. उकडल्यावर बलकाची ही शक्ती थोडी कमी होते, म्हणून त्याला मदतनीस द्यावा लागतो, आणि तो मदतनीस म्हणजे मोहरी. इथे मराठी स्वयंपाकघर एकदम पुढे आले. पाश्चात्त्य लोक मोहरी बाटलीतून काढतात. आपल्याकडे मोहरी ‘फेसतात’. मोहरीची पूड पाण्याचा हबका देत घोटून घोटून फिकी आणि हलकी करण्याची ही क्रिया आपल्या लोणच्यांत आणि कोशिंबिरींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वहिनींचा हात त्यात बसलेला होता.

केपरच्या कळ्या दुकानात महाग. पण केपर ज्या कुळातले त्याच कुळातली आपली वाघाटी. आषाढी द्वादशीला उपवास सोडताना वाघाट्याची भाजी करतात, ती हीच. ज्या रस्त्याने पालख्या जातात त्या रस्त्यावरच्या सॉसला हे नाते शोभलेही असते, परंतु वाघाटी आषाढातली आणि आमचा शुक्रवार कार्तिकाच्या तोंडावरचा. तेव्हा त्याच कुळातले राजस्थानी केर घेतले. चिंचवडच्या मारवाडी दुकानात सुके केर मिळतात. ते मिठाच्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, पाणी बदलत राहिले की कडूपणा जातो, मग व्हिनेगरमध्ये. काकडीच्या जागी वहिनींनी आपण होऊन तोंडली घेतली. कोवळी तोंडली उभी चिरून मीठ-व्हिनेगरमध्ये आठवडाभर मुरवली तर दाताखाली जी करकरतात, तशी बाटलीतली काकडी करकरत नाही. तोंडीलावण्यात तोंडली! हा विनोद मी केला, कोणी हसले नाही.

हिरव्या पाल्यात शेपू आणावा असे मी म्हटले तेव्हा वहिनींच्या मुलीने कपाळाला हात लावला. मराठी मुलांच्या जगात शेपूला स्थान नाही. पण जर्मन आणि उत्तरेकडचे युरोपीय मासा आणि काकडी यांच्याबरोबर शेपू आवडीने खातात. इथे मंडईत शेपूच्या जुड्या पडून असतात आणि तिकडचा माणूस त्याच वासासाठी झुरत असतो.

कांदा अर्थात चाकणचा. तो बारीक चिरून, मीठ लावून, पाण्यात दोनदा चोळून पिळला की त्याचा उग्रपणा उतरतो. नाहीतर तासाभरात सॉसभर कांद्याचाच अंमल होतो.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी वहिनींचे माप देतो. चार अंडी दहा मिनिटे उकडावी, बलक खलात कुटून लोण्यासारखे मऊ करावेत. त्यात चहाचा एक चमचा फेसलेली मोहरी, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. मग पाऊण वाटी वास नसलेले तेल. आधी थेंबथेंब, साय धरू लागली की बारीक धारेने, आणि हात एकाच दिशेने. घाण्याचे शेंगदाणा तेल इथे उपयोगाचे नाही, त्याचा वास सगळ्यांवर बसतो. शेवटी दोन मोठे चमचे तोंडली, एक चमचा केर, एक लहान कांदा, चिमूटभर शेपू, पात, आणि एका अंड्याचा पांढरा भाग बारीक चिरून. पहिल्या दिवशी वहिनींचा सॉस फाटला. त्यांनी तो टाकला नाही. दुसऱ्या भांड्यात नवा बलक कुटला, त्यात चमचाभर गरम पाणी घातले आणि फाटलेला सॉस तेलासारखा थोडा थोडा त्यात घोटला. तो जमला. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. पुढे एका पुस्तकात मी तोच उपाय वाचला. केलेला सॉस लगेच थंड करावा, थंडच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावा.

आणखी एक पेच होता. व्यवस्थापकाने बजावले होते की मासे अगदी फिके हवेत. वहिनी या बाबतीत हट्टी. “हळद, तिखट, आगळ लावल्याशिवाय सुरमई तव्यावर टाकायची म्हणजे पाप.” पण मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणून ठसका लागल्यावर पाण्यापेक्षा दूध उपयोगी पडते. म्हणजे हा सॉस तोंडातले तिखट आपोआप उतरवणार होता. ज्या पांढऱ्या चटणीला त्या नाके मुरडत होत्या, तिच्यामुळेच त्यांना आपला मसाला सोडावा लागला नाही. तिखट थोडे कमी केले. आगळ मात्र पुरते लावले, आणि वरून रवा व तांदळाचे पीठ.

शुक्रवारी भाऊंच्या मित्राच्या छोट्या टेंपोतून आम्ही निघालो. मागे बर्फाच्या पेटीत सॉसची बरणी, दुसऱ्या पेटीत मसाला लावलेले मासे. तळायचे तिथे जाऊन. भोसरी गेली, मोशी आली, आणि मोशीला गाडी थांबली ती थांबलीच. इंद्रायणीचा पूल समोर दिसतो आहे, पुढे मोटारींचा ट्रक, मागे कांद्याचा ट्रक, आणि आम्ही मध्ये सॉसच्या बरणीसह. भाऊ दर दहा मिनिटांनी उतरून बर्फ पाहत. ज्या रस्त्याने ते बारा वर्षे कामावर गेले, त्याच रस्त्याने आज पहिल्यांदा स्वतःचा माल घेऊन चालले होते. ते काही बोलले नाहीत, पण चिंबळी फाट्याजवळ कारखान्याच्या बसमधून कोणी हात केला तेव्हा त्यांनी तो परत केला आणि मग बराच वेळ बाहेर पाहत राहिले. चाकणच्या तळेगाव चौकात पोचायला रात्रीचे आठ वाजले.

मी जेवणघराच्या दाराशी उभा राहून पाहिले. जर्मन मंडळींनी सॉसला आपल्याकडच्या ‘रेमुलाड’चे नाव दिले, तो याचाच चुलतभाऊ, मोहरी जरा जास्त असलेला. एका उंच गृहस्थाने शेपूची काडी काट्यावर धरून शेजाऱ्याला दाखवली. जपान्यांपैकी एकाने वाटी पावाने पुसून घेतली. बटाटे बरेच उरले, मासे एकही नाही. व्यवस्थापक स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, पुढच्या शुक्रवारी अठरा जण असतील. पैसे महिन्याच्या शेवटी. वहिनी म्हणाल्या, “निम्मे आधी. मासेवाला उधार देत नाही.” थोडी घासाघीस झाली आणि निम्मे मिळाले.

घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आजी जाग्या होत्या. घरी मागे ठेवलेला थोडा सॉस त्यांनी तांदळाच्या भाकरीला लावून पाहिला, तोंडात घोळवला आणि सुनेला विचारले, “ह्याच्यात मिरची खंय आसा?” मग स्वतःच उठून दोन हिरव्या मिरच्या ठेचून त्यात घातल्या आणि उरलेली भाकरी त्याबरोबर खाल्ली. वहिनी तिथेच जमिनीवर बसून हिशेबाच्या वहीत लिहीत होत्या: केर अर्धा किलो, शेपू तीन जुड्या, अंडी सहा, तोंडली उद्याच मुरत घालायची.